रेडियम सरांच्या मागे लागलेला ट्रॅक्टर

आधी हातातला कप खाली ठेवा. ठेवलात? हं. आता जे सांगणार आहे त्यात माझी शोभा झालेली आहे, तीही भर रस्त्यात आणि एकदा नाही, दोनदा. तेव्हा हसायला हरकत नाही, फक्त ठसका लागू देऊ नका.

मी नगरला राहतो आणि कर्जतच्या अलीकडे एका खेड्यातल्या शाळेत शिकवतो. सोलापूर रस्त्याने जायला दीड तास, यायला दीड तास. आता तुम्ही म्हणाल, एवढा वेळ लागतो? मला लागतो. कारण मी चाळीसच्या वर जात नाही.

पूर्वी जात असे. पूर्वी शेजारच्या सीटवर सुमन असायची. तिची शाळा माझ्या शाळेच्या अलीकडच्या गावात होती. गाडी मी चालवायचो असं लोकांना वाटायचं, पण खरं तर तीच चालवायची. मी फक्त स्टिअरिंग धरून बसायचो.

‘अहो, ट्रॉली.’

‘दिसली.’

‘दिसली तर पाय उचला की. आणि तो मोटारसायकलवाला वळणार आहे.’

‘हात कुठे केलाय त्याने?’

‘हात नाही केला, मान वळवली. वळणारच.’

आणि तो वळायचाच! रस्त्यावरच्या खाणाखुणा वाचणं हे पंचवीस वर्षं तिचं खातं होतं. मी त्यात कधी लक्षच घातलं नाही.

आमचा आणखी एक नेम होता. सकाळी निघताना मी गाडीत बसायचो आणि ती तुळशीला पाणी घालून, रिकामा तांब्या हातात घेऊन गाडीच्या मागे उभी राहायची. ‘दाबा,’ म्हणायची. मी ब्रेक दाबायचो. ‘लागले,’ म्हणायची, म्हणजे मागचे दोन्ही दिवे लागले. मग बाजूला व्हायची, मी गाडी मागे घेऊन फाटकाबाहेर काढायचो. पंधरा सेकंदांचं काम. आपल्या गाडीचे मागचे दिवे आपल्याला स्वतःला कधीच दिसत नाहीत, याचा विचार तेव्हा करायची गरज नव्हती.

दीड वर्षापूर्वी सुमन गेली. आजार होता. त्याबद्दल एवढंच.

तेव्हापासून त्या रस्त्याची मला भीती बसली. साधीसुधी नाही. तळहात असे ओले व्हायचे की स्टिअरिंगला टॉवेल गुंडाळावा लागायचा. जागोजागी रस्त्याचं काम, मातीचे वळणरस्ते, समोरून डोळ्यांत घुसणारे ट्रकचे दिवे. आणि हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या! तुम्ही आमच्या जिल्ह्यातले असाल तर सांगायला नको. तिन्हीसांजेला पुढे नुसता काळोखाचा ढीग दिसतो, आपल्याला वाटतं झाड असेल. आणि ते झाड ट्रॅक्टरच्या मागे हळूहळू चाललेलं असतं. ना दिवा, ना काही.

पुण्याला माझी मुलगी मुक्ता असते. शाळेत पोचलो की ‘पोचलो’, घरी आलो की पुन्हा ‘पोचलो’, असे दोन निरोप तिला रोज मोबाईलवर गेलेच पाहिजेत. तिने स्पष्ट सांगितलं होतं, ‘बाबा, एकदा जरी काही झालं ना, तरी मी येऊन चावी घेऊन जाणार. मग एसटीने जा. आई गेली, आता मला तुम्ही एकटेच आहात.’

तिचंही बरोबर होतं. पण ती गाडी सोडणं मला शक्य नव्हतं. शेजारची सीट होती ना तिच्यात.

म्हणून मी ठरवलं, रस्ताच सुधारायचा! हसू नका. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला तसा लाल रेडियमच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्यांचा एक खोकाच आणून डिकीत कोंबला. अंधारात उजेड पडला की चमकणाऱ्या त्या चिकटपट्ट्या. कुठे ट्रॉली उभी दिसली, की उतरायचं, मागची फळी फडक्याने पुसायची, हातभर पट्टी फाडायची आणि चिकटवायची. महिनाभरात त्या रस्त्यावर माझं नाव पडलं, ‘रेडियम सर’. मला त्याचा, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटायला लागला.

एक गोष्ट मात्र त्याच महिन्यात सुरू झाली. संध्याकाळी माझ्या मागचे लोक हॉर्न फार वाजवायला लागले. मी म्हटलं, चाळीसने चाललोय, वाजवणारच.

तर एका संध्याकाळी मिरजगावच्या पुढे एका फाट्यावर चहाला थांबलो. तिथे एक ट्रॅक्टर उभा. ऊस टाकून रिकाम्या झालेल्या दोन ट्रॉल्या मागे, गाणी इतकी मोठ्याने चाललेली की चहाच्या कपावरची साय हलत होती. मागे दिवा नाहीच. मी पट्टी काढली आणि लागलो कामाला.

‘ओ सर! काय चाललंय?’ ट्रॅक्टरवाला आला. माझ्याच वयाचा, पण अंगाने दुप्पट. मिशा अशा, की त्यांनाच वेगळं आसन लागावं.

‘रेडियम लावतोय.’

‘लावा की. पर इचारायचं तरी.’

‘विचारायचं? अहो, तुमच्या ट्रॉलीला दिवा नाही. मागून येणाऱ्याने काय करायचं?’

‘बल्ब गेलाय. टाकतो उद्या.’

‘तुमचा उद्या उजाडेपर्यंत एखाद्याच्या घरातला दिवा विझेल!’ असलं वाक्य मी का बोललो, मला माहीत नाही. चहा पिणारी चार माणसं वळून बघत होती, म्हणून बोललो असेन. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर हा किस्साच झाला नसता. मी खिशातून मोबाईल काढला, त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, ‘उद्या दिवा दिसला नाही, तर हा नंबर आरटीओत देईन.’

आणि तो? नुसता बघत राहिला. ओरडणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही हो, बघत राहणाऱ्याची वाटते. मी चहा अर्धा टाकून गाडीत बसलो.

निघालो, आणि आरशात पाहतो तर तो माझ्या मागे पळत येतोय! हात वर करून काहीतरी ओरडतोय. गाण्यांपुढे ऐकू काय येणार? पण हाताची खूण स्पष्ट दिसली. पंजा उघडत होता, मिटत होता. उघडत होता, मिटत होता.

मी खुणेचा अर्थ लावला. गळा दाबायची खूण!

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मुक्ताला सांगावं, तर ती सकाळी चावी न्यायला दारात. आरटीओत नंबर द्यावा, तर त्याला कळणार कोणी दिला. शेवटी फोटो पुसून टाकला आणि सकाळी गुपचूप शाळेत गेलो. रस्त्याने त्या फाट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी निघालो. सूर्य बुडाला होता. फाटा आला. गेला. कोणी नव्हतं. हुश्श केलं. आणि तेवढ्यात मागून गाणी ऐकू आली.

आरशात बघायचं धाडस होईना. बघितलं. तोच! ट्रॅक्टरचा मोठा दिवा उघडझाप करतोय, भोंगा वाजवतोय, आणि एक हात बाहेर. पंजा उघड, पंजा मीट. उघड, मीट.

रिकामा ट्रॅक्टर चाळीसने सहज पळतो, हे तुम्हाला माहीत आहे? मला त्या दिवशी कळलं. मी चाळीस, तो चाळीस. मी पंचेचाळीस केले, तोही पंचेचाळीस. मागच्या दोन्ही ट्रॉल्या अशा आदळत होत्या, जणू लोखंडाचं अख्खं दुकान माझ्या पाठलागावर आहे. शेजारच्या सीटकडे बघून मी म्हणालो, ‘सुमन, माफ कर,’ आणि साठ केले. दीड वर्षात पहिल्यांदा. गाडीलासुद्धा खोकला आला.

अंतर वाढलं. तो मागे पडला. सुटलो!

कसला सुटतोय? पुढे पुलाचं काम चाललेलं, एकेरी मातीचा रस्ता आणि ट्रकांची रांग. पुढे ट्रक, डावीकडे चर, उजवीकडे खडीचे ढीग. गाडी थांबली. पाठोपाठ गाणी जवळ आली आणि अगदी माझ्या पाठीशी येऊन बंद झाली. गाणी बंद झाल्यावर जी शांतता पडली ना, ती मी जन्मात विसरणार नाही.

तो उतरला. हातात कोयता.

मी चारही दारं बंद केली. काचा वर केल्या. आणि त्या क्षणी मोबाईल वाजला. मुक्ता! घाईत बोट कुठेतरी लागलं आणि स्पीकर चालू झाला.

‘बाबा, अजून नाही पोचलात?’

‘मुक्ता,’ मी कुजबुजलो, ‘नीट ऐक. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात आईने घातलेलं लिंबाचं लोणचं आहे. शेवटची बरणी. मी उघडलेली नाही. ती तू घे.’

‘बाबा? काय बोलताय? कुठे आहात तुम्ही?’

टक टक टक. कोयत्याची मूठ काचेवर.

‘बाबा, कोण आहे? बाबा!’

मी शेजारच्या सीटवरची रेडियमची गुंडाळी उचलून दगडासारखी धरली. दुसरं होतं काय? दुसऱ्या हाताने काच बोटभर खाली केली.

‘सर,’ मिशा त्या फटीला लागल्या, ‘ब्रेक दाबा.’

‘अं?’

‘ब्रेक दाबा म्हन्तो! कालच्यानं बोंबलतोय मी. तुमच्या गाडीला मागं दिवा न्हाई!’

‘दिवा...?’

‘एक बी न्हाई. ब्रेकचा न्हाई, साधा न्हाई. काल फाट्यावरनं निघाला तवाच बघितलं. किती हात केला तुमाला!’ त्याने पंजा उघडला, मिटला, उघडला, मिटला. ‘ह्ये काय असतंय? दिवा बघा, ही खून हाय रस्त्यावरची. बारकं पोर वळखंल!’

‘मला वाटलं...’

‘काय वाटलं?’

आता काय सांगू त्याला, मला काय वाटलं ते!

‘आन् म्हनून पाठीमागं ऱ्हायलो तुमच्या, माझा दिवा लावून. तुमी अंधारात, मागनं ट्रक आला म्हंजी? तर तुमी पळायलाच लागला! ह्या वयात इतकी घाई बरी न्हाई, सर.’

‘आणि तो कोयता?’

‘वायर सोलायला. पक्कड घावली न्हाई.’

मोबाईलमधून मुक्ताचा आवाज आला, ‘बाबा, काका काय म्हणतायत ते ऐका आधी.’

मी उतरलो. डिकी उघडली. त्याने आत हात घातला आणि अर्ध्या मिनिटात खो खो हसायला लागला. रांगेतल्या ट्रकचा क्लीनर, मागचे दोन मोटारसायकलवाले, सगळे जमले. माझा तो रेडियमचा खोका! त्याचा कोपरा दिव्यांच्या वायरीत घुसला होता आणि वायर तुटून लोंबत होती. म्हणजे महिनाभर मी जगाच्या पाठीला उजेड लावत हिंडत होतो, आणि तेवढा महिना माझ्याच पाठीला मिट्ट काळोख! बरं, त्या खोक्यातली बोटभर पट्टी तरी स्वतःच्या गाडीला लावावी? तेही सुचलं नव्हतं.

‘हे कोन, वळखलं का?’ तो जमलेल्यांना सांगत होता, ‘रेडियम सर!’

वायर सोलून, पीळ देऊन त्याने जोडली आणि मला गाडीत बसवलं. मग मागे जाऊन उभा राहिला.

‘दाबा.’

मी दाबला.

‘लागले!’

पाय ब्रेकवरच राहिला माझा. बराच वेळ राहिला असावा.

‘सोडा की सर आता. लागले म्हन्लं ना!’

त्याचं नाव भाऊसाहेब. त्याने माझ्याच गुंडाळीतली हातभर पट्टी फाडून माझ्या गाडीला लावली, खिशातून मोबाईल काढला, माझ्या नंबरप्लेटचा फोटो घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘उद्या दिवा दिसला न्हाई, तर आरटीओत देईन.’ त्याच्या ट्रॉलीचा बल्ब? नवा होता. सकाळीच टाकला होता.

मुक्ता शनिवारी आली. मी चावी काढूनच ठेवली होती. तिने चावीकडे बघितलं नाही. स्टूल घेऊन वरच्या फळीवरची बरणी काढली. आम्ही दोघांनी भाताबरोबर खाल्लं. मुरलं होतं.

जाताना म्हणाली, ‘चावी राहू द्या. पण रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायचा. मोबाईल गाडीच्या मागे ठेवायचा. मी बघून सांगेन, मगच निघायचं.’

सोमवारी सकाळी मी मोबाईल गाडीच्या मागे विटेला टेकवून उभा केला, गाडीत बसलो आणि गाडी सुरू केली.

‘दाबा, बाबा!’ पुण्याहून आवाज आला.

दाबला.

‘लागले! दोन्ही लागले!’

किती बरं वाटलं म्हणून सांगू! दीड वर्षाने दिवस नीट सुरू झाला. त्याच आनंदात गाडी मागे घेतली, फाटकाबाहेर काढली आणि निघालो. चाकाखाली काहीतरी कडकन वाजलं, पण नारळाची वाळकी झावळी असेल म्हटलं. सुमन ‘लागले’ म्हटल्यावर बाजूला व्हायची. मोबाईल होत नाही, हे मला कर्जत रस्त्याला लागेपर्यंत सुचलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही सुचलं नाही. शाळेच्या दारात ‘पोचलो’ पाठवायला खिशात हात घातला, तेव्हा सुचलं.

तेवढ्यात आमचे शिपाई, लक्ष्मणमामा, धावत आले.

‘सर, पुन्याहून पोरीचा फोन आल्ता हापिसात. लई घाबरल्याली हुती.’

‘काय म्हणाली?’

‘म्हन्ली, बाबा पोचले का बघा. आन् पोचले असतील तर इचारा, माझ्या अंगावरनं गाडी का घातली?’