घरगाडी सरळ उभी करणारा

पांढुर्ण्यात दत्तात्रय फिटरचं घर विचारलं तर लोक गल्लीचं नाव सांगत नाहीत. म्हणतात, ज्या दारात रबराचे मोठे फुगे पडलेले दिसतील, तिथं थांबा. हे फुगे म्हणजे काही आरामबसच्या चाकांवर लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी असतात ते, घागरीएवढे, काळे. हवा भरली की गाडी उचलली जाते, हवा सोडली की खाली बसते. कुठल्या फुग्याला गळती आहे हे दत्तात्रय ओल्या हाताची पाठ फिरवून सांगतो. हवेच्या कामात आपल्यासारखा हात या मुलखात दुसरा नाही असं तो स्वतःच म्हणतो. ते खरंही आहे, म्हणून कुणी वाद घालत नाही.

आता तो सहासष्टचा आहे. गॅरेज बंद करून चार वर्षं झाली. पण कुणी बसलं, चहा आला, की गोष्ट फिरून फिरून एकाच गाडीवर येते. सौंसरच्या पुंडलिकरावांची घरगाडी.

पुंडलिकराव संत्र्याचे बागाईतदार आणि व्यापारीही. शहाण्णव साली त्यांनी नागपुरातून एक जुनी आरामबस आणली. लोकांना वाटलं, धंद्यात घालतील. पुंडलिकरावांनी सगळ्या सीटा काढून बागेत आंब्याखाली मांडल्या आणि बशीत घर केलं. डाव्या अंगाला ओटा, चूल, पाण्याची मोठी टाकी आणि वच्छलावहिनींची खाट. उजव्या अंगाला कपडे ठेवायची फळी आणि पोरांना बसायला बाकडं. उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहाराचा माल लदून गेला, बाग रिकामी झाली, की घरातली सगळी माणसं त्या गाडीत बसायची आणि तामियाच्या डोंगरात चार दिवस मुक्काम करून यायची. कधी मुलताईला जायची. तेव्हा तिगावजवळ फाटक हमखास बंद लागायचं. वहिनी म्हणायच्या, "थांबलीच हाय तं पिठलं टाकून घेतो." रेल्वे धडधडत जायची. खिडक्यांतली माणसं मान वळवून पाहायची, की बशीतून फोडणीचा धूर कसा काय निघून राहिला.

दत्तात्रयशिवाय ती गाडी कधी हलली नाही. पुंडलिकराव त्याला मजुरीचा फिटर म्हणून नेत नसत. पंगतीत आपल्या शेजारी बसवत. सुरुवातीला गाडी डावीकडे कलायची. टाकी, ओटा, सगळा भार त्याच अंगाला. दत्तात्रयानं दोन वर्षं चाकांजवळचे, फुग्यांत हवा घेणारे-सोडणारे वॉल खालीवर करून पाहिले. मग एका वर्षी तक्रार बंद झाली. "त्या गाडीचा कल मी काढला," हे वाक्य त्यानं पुढं पंचवीस वर्षं लोकांना ऐकवलं.

पुंडलिकराव जाऊन तीन वर्षं झाली. घरगाडी बागेतल्या टिनाखाली उभी राहिली. फुग्यांतली हवा गेली, चाकांजवळचे वॉल गंजून गेले आणि तसे वॉल आता कुठं मिळत नाहीत. या थंडीत वच्छलावहिनींनी मुलाला सांगितलं, "पंकज, मले एकदा तामियाले ने. आपल्या गाडीतच. मोटारीत नाही."

पंकज आईवर जीव असलेला मुलगा, पण हिशेबी. दोन वर्षांपासून वहिनींना चकरांचा त्रास. अंथरूण जरा इकडंतिकडं कललं की घर फिरतं, उलट्या होतात. डोंगरातली उताराची जागा, त्यात ही एका अंगावर बसणारी गाडी! त्यानं दत्तात्रयाला फोन लावला.

"काका, खरं सांगा. गाडी उभी राहते का सरळ?"

"मी हाय ना."

"तसं नाही. आईनं एक दुपार गाडीत नीट झोपून दाखवली, तं नेतो. नाही झोपली तं भंगारवाल्याले हो म्हणतो. तो दोनदा येऊन गेला."

दत्तात्रयानं फोन ठेवला आणि अंगणातले फुगे एकेक करून तपासले. तयार वॉल नाही म्हणजे स्वतःच करायचा. नुसता वॉल नाही, गाडी कुठंही उभी केली तरी स्वतःहून सरळ होईल असं यंत्र.

त्याला इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हतं. पण गवंडी कसं काम करतो ते त्यानं पाहिलं होतं. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतो, दोन टोकं दोन भिंतींना धरतो. दोन्हीकडं पाणी एका उंचीला आलं की पातळी लागली. दत्तात्रयानं तसंच केलं. गाडीच्या चार कोपऱ्यांना चार बाटल्या, खालून नळीनं जोडलेल्या, आत पाणी. गाडी डावीकडं कलली की डाव्या बाटलीत पाणी चढतं. पाण्यावर थर्माकोलचा तुकडा, त्यावर चुंबक, आणि बाटलीला बाहेरून चुंबकानं चालणारा लहानसा स्विच. पाणी चढलं, चुंबक स्विचसमोर आला, की त्या कोपऱ्याच्या फुग्यात हवा शिरायची. पाणी उतरलं की हवा बाहेर. विजेवर उघडझाप करणारे आठ वॉल त्याला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या सामानात मिळाले. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या मशीनवर होते ते. तारा आणि रिले बसवायला मजबूत डबा हवा होता, तो स्वयंपाकघरात मिळाला.

"अहो, माहा पोळ्यायचा डबा?" त्याची बायको इंदू दारात उभी राहून म्हणाली.

"कामाले घेतला."

"अन् पोळ्या कायमंदी ठेवू? तुमच्या डोक्यात? रिकामंच हाय ते."

यंत्र तयार झालं. अंगणात चौकटीवर चार फुगे ठेवून त्यानं चालू केलं, तर दुसरंच संकट. पाणी नळीत इकडून तिकडं झुलायचं. डावा वॉल टक, उजवा वॉल टक, पुन्हा डावा. बसू की उठू ते न ठरलेल्या म्हशीसारखी चौकट हलत राहायची. तीन दिवस त्यानं तारा उलटसुलट केल्या. चौथ्या दिवशी इंदू देवासाठी वाती वळत बसली होती. त्यानं मुकाट्यानं त्यातली एक उचलली, नळीच्या तोंडात कोंबली आणि यंत्र लावलं. पाण्याला वाट उरली, पण धावायला जागा उरली नाही. चौकट एकदा उचलली, थोडी थांबली आणि स्थिर झाली.

"देवाची वात व्हय ते," इंदू म्हणाली.

"मंग काय झालं? चालली ना!"

तिनं आणखी तीन वाती वळून दिल्या.

माघातल्या एका दुपारी सौंसरच्या बागेत सगळे जमले. दत्तात्रयानं गाडीला नवे फुगे बसवले होते. पंकजनं गाडी मुद्दाम विहिरीजवळच्या उतारावर आणून उभी केली. इंजिन चालू ठेवून हवेची टाकी भरली. दत्तात्रयानं पोळ्यांच्या डब्यावरचं बटण दाबलं. फुस्स करून आवाज झाला. खालचा कोपरा हळूहळू उचलला, वरचा दबला, आणि गाडी थांबली. दत्तात्रयानं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला गाडीच्या तळावर ठेवला. थेंब सांडला नाही.

"पाणी खोटं बोलत नाही," तो म्हणाला, आणि पंकजकडं पाहिलं.

वच्छलावहिनी पदर खोचून चढल्या. आपल्या खाटेवर हात फिरवला, उशी सारखी केली, आडव्या झाल्या. सगळे बाहेर उतरले. पाच मिनिटं गेली असतील नसतील, आतून हाक आली.

"पंकज! मले धर रे. मी घसरून राहिली!"

पंकज धावला. वहिनी खाटेची पट्टी धरून बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यानं त्यांना खाली आणून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग दत्तात्रयाजवळ आला. आवाज न चढवता म्हणाला, "काका, जाऊ द्या. तुम्ही लय केलं. मी भंगारवाल्याले सांगून देतो, घेऊन जा म्हणून."

दत्तात्रय वळला. गाडीत चढला. चारही बाटल्या पाहिल्या, पाणी एका रेघेत. तळावरचा पेला पाहिला, भरलेला. पंचेचाळीस वर्षांत हवेनं त्याला फसवलं होतं, लोखंडानं फसवलं होतं, पण पाण्यानं कधी नाही. मग त्यानं पेला उचलला आणि वहिनींच्या खाटेच्या फळीवर ठेवला.

पाणी गाडीतल्या मधल्या वाटेच्या बाजूनं सांडलं.

तो गुडघ्यावर बसला, मान खाली घालून खाटेखाली पाहिलं. भिंतीकडच्या दोन्ही पायांखाली सागवानाचे गुटके होते. बोटभर जाड, पितळी स्क्रूनं बसवलेले, वर्षानुवर्षांच्या धुळीनं काळे पडलेले. ओट्याखाली वाकला, तिथं तसेच. फळीखाली बोट घातलं, तिथंही डाव्या टोकाला पट्टी. अख्खं घर कुणीतरी डावीकडून उचलून ठेवलं होतं.

"वहिनी," तो दारातून म्हणाला, "हे गुटके कोणी लावले जी?"

वहिनींना आता बरं वाटत होतं. पायरीजवळ आल्या, त्याच्या हातातली धूळ पाहिली आणि एकदम तोंडावर पदर घेतला.

"अगं माय! हे तं मी विसरूनच गेली होती. ह्यांनीच लावले. गुलाब सुताराले बोलावून."

"कधी?"

"तुम्ही कल काढून राहिले होते ना, त्याच वर्षी. तुम्ही पांढुर्ण्याले सामान आणाले गेलते. हे म्हणे, दत्तूनं जीव लावला गाडीले. तीन बोटं कलते तं कलू दे. आपण घर सरळ करू. अन् मले म्हणे, त्याले सांगशील नको."

पंकज खाली पाहत होता. दत्तात्रयाला पंचवीस वर्षांतले चहाचे पेले आठवले, गॅरेजच्या बाकावरची माणसं आठवली, आणि पुंडलिकरावही. तो कल काढल्याची गोष्ट रंगवून सांगायचा तेव्हा ते शेजारीच बसलेले असत. मान हलवत, "हो ना, दत्तूनंच काढला" म्हणत.

"सोपं हाय मंग," पंकज म्हणाला. "गुटके काढून टाकू. दहा मिनिटांचं काम."

दत्तात्रयानं खिशातून पेचकस काढला, खाटेखाली गेला, पितळी स्क्रूत टोक बसवलं. हात जोरात दाबला. पण फिरवला नाही. गुटक्याच्या कडेला पेन्सिलची एक रेघ होती, गुलाबनं कापायला ओढलेली, आणि तिच्याशेजारी पुंडलिकरावांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अजून थोडा'. म्हणजे पहिला गुटका कमी पडला असेल. कोणीतरी झोपून पाहिलं असेल, पुन्हा उठलं असेल. त्याच्या माघारी दोन माणसं इथं जमिनीवर बसून त्याची चूक नीट मोजत राहिली असतील.

तो बाहेर आला. गाडीच्या डाव्या अंगाला गेला. तिथल्या दोन्ही बाटल्यांवरच्या स्विचांच्या पट्ट्या ढिल्या केल्या आणि आपली तीन बोटं आडवी धरून तेवढ्या वर सरकवल्या. आता डावीकडं पाणी तीन बोटं जास्त चढलं तरच यंत्राला पातळी लागली असं वाटणार होतं.

"काका, हे तं चूक झालं ना?" पंकज म्हणाला.

"हो," दत्तात्रय म्हणाला. "तुह्या बापानं जेवढी ठेवली तेवढीच."

बटण दाबलं. डाव्या फुग्यांनी श्वास सोडला, गाडी सावकाश डावीकडं बसली आणि थांबली. वच्छलावहिनी पुन्हा चढल्या. या वेळी दत्तात्रय दारातल्या पायरीवरच बसला, पाठ आत करून. पहिली पंधरा मिनिटं त्यानं कान टवकारून ऐकलं. मग आतून बारीक घोरणं सुरू झालं. उन्हं बागेच्या दुसऱ्या टोकाला गेली तरी ते थांबलं नाही. पंकज फोन घेऊन झाडांत दूर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "सांगून देलं त्याले. नाही विकत म्हणून."

मृगाचा माल गेल्यावर घरगाडी निघाली. पांढुर्ण्याहून इंदूही आली. तामियाच्या उतारावर, दरीकडं तोंड करून गाडी उभी केली. बटण दाबलं, गाडी उठली, डुलली, तीन बोटं डावीकडं कलून बसली. शेजारी एका टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर दात कोरत उभा होता. चाळीसेक वर्षांचा, बोलका.

"काका, एवढी नळ्यायची जत्रा लावली अन् गाडी तिरपीच? कोणत्या मिस्त्रीनं केलं हे?"

इंदू नवऱ्याकडं पाहू लागली. असा सवाल दत्तात्रयानं कधी सोडून दिलेला तिनं पाहिला नव्हता.

"मीच केलं," तो म्हणाला.

"मंग सरळ नाही जमलं का?"

"नाही जमलं," दत्तात्रय म्हणाला, आणि चाकांना दगड लावायला खाली वाकला.