मोठ्ठा आ

दातांच्या डॉक्टरबाई सुट्टीच्या दिवशी सिनेगॉगच्या मागच्या खोलीत मुलांना हिब्रू प्रार्थना शिकवत. मुलं ओठातल्या ओठात पुटपुटू लागली, की बाई सवयीने ओरडत, "आ करा! मोठ्ठा आ!"

यंदा त्यांच्या भाचीला पहिल्यांदाच सगळ्यांसमोर धर्मग्रंथातला उतारा वाचायचा होता. पोरगी उभी राहिली आणि तिची दातखीळच बसली. बाईंना राहवेना. शेवटच्या रांगेतून त्या गरजल्या, "आ कर!"

भाचीने आ केला. तिच्याबरोबर वर्गातल्या पोरांनी, त्यांच्या आईबापांनी, बाईंच्या दवाखान्यात कधी ना कधी त्या खुर्चीवर बसलेल्या अख्ख्या सभेने आ केला. समोर एवढे जबडे पाहून भाचीला हसू फुटलं, भीती पळाली आणि तिने उतारा खणखणीत वाचून काढला.

सगळ्यांची तोंडं मिटली, फक्त सिनेगॉगच्या अध्यक्षकाकांचं मिटेना. जबडा अडकला होता! बाईंनी त्यांना मागच्या खोलीत नेलं, मुलांच्या बाकावर बसवलं आणि जबडा खट्कन जागेवर आणला.

"पोरीने फार छान वाचलं हो," काका गाल चोळत म्हणाले. "मध्येच वाहवा म्हणणार होतो, पण जमलंच नाही."