सरांच्या क्लासचा तिसरा माणूस

"अरे छोड ना रे बाबा, उधर सायब का शर्ट जल रा!" आमचा इस्त्रीवाला चाचा बोंबलत होता, आणि वाळूजच्या कंपनीतून नुकताच सुटलेला बापू त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून देवळातल्या खांबासारखा उभा होता. भांडण लागलं म्हणून मी जेवणाचा हात न धुता धावलो. ओट्यावर आमचे शेजारी, म्हणजे सर, हातात खडू घेऊन डोळे मिटून उभे. त्यांनी एक डोळा उघडला, मला बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "या. वाक्य तुमच्याकडं आहे." मला वाक्यच आठवेना. चाचाच्या टपरीतून धूर निघायला लागला तेव्हा कुठं मला आठवलं. "लेट हिम गो," मी म्हणालो. बापूनं तत्क्षणी हात सोडला. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचं चित्र उमटलं होतं. सर म्हणाले, "शर्ट गेला. पण वाक्य जन्मात जाणार नाही."

आमच्या सरांइतकी इंग्रजी खुद्द इंग्रजांनीही अंगाला लावून घेतली नसेल. लासूर स्टेशनच्या शाळेत उभा जन्म शिकवून ते निवृत्त झाले आणि संभाजीनगरात आमच्या गल्लीत ओट्यावर फळा टांगून बसले. फी नाही, पुस्तक नाही. त्यांचा सगळा जीव एकाच जातीच्या वाक्यांत. लेट मी गो, मेक हिम सिट, हेल्प हर लिफ्ट. "बाकीची इंग्रजी एकट्यानं बोलता येते हो," ते म्हणायचे, "आरशापुढंसुद्धा. ह्या वाक्यांना माणसं लागतात." तीन लागतात, सर सोडून, असा त्यांचा हिशोब. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं करायचं आणि तिसऱ्यावर ते घडायचं. दोघांत क्लास होत नाही. शिवाय एक कडक नियम होता. पूर्ण वाक्य इंग्रजीत कानावर पडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मराठी, हिंदी, कण्हणं, खोकणं, ओट्यावर काहीही चालत नसे. 'मेक हिम सिट' करता करता बापूनं चाचाला एका पावसाळ्यात इतक्या वेळा बसवलं की चाचाची गुडघेदुखी बरी झाली. मी स्वतः पाहिलंय.

'हेल्प हर'च्या धड्याला बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, असायच्या. भरलेली बादली घेऊन दारात उभ्या राहायच्या, कुणीतरी वाक्य म्हणायचं, कुणीतरी बादलीला हात लावायचं. घरातलं निम्मं पाणी असं वाक्यांवरच भरलं जायचं. बाई गेल्या, त्यानंतर सरांनी तो धडा पुन्हा घेतला नाही. बापूनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "झालाय तो." बादली दाराशी पालथी असायची. मी ती पुन्हा कधी सुलटी बघितली नाही.

सरांची लेक नाशिकला. रोज संध्याकाळी तिचा फोन. "आप्पा, एकटे काय करता तिथं? या इकडं." आणि आप्पांचं ठरलेलं उत्तर, "क्लास आहे." शेवटी बाप-लेकीत करार झाला. क्लास भरतोय तोवर आप्पांना हलवायचं नाही, ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी आप्पांनी बॅग भरायची. तेव्हापासून सहा वाजले की सर रस्त्यावर तिसरा माणूस शोधायला उभे. एके काळी वाळूजच्या शिफ्टची पोरं ओट्यावर मावत नव्हती. पुढं इंग्रजी मोबाईलवर शिकवायला लागले, आणि उरलो मी, चाचा, आणि पहिली पाळी असेल तेव्हा बापू. मग सरांनी पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर धरला. पत्रिका वाटायला आलेला नवरदेवाचा मामा धरला. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराला धरून अकरा वेळा बसवलं-उठवलं. तो बिचारा प्रत्येक वेळी हात जोडून उठला. मी टीव्हीपुढं रेंगाळलो की आमची ही म्हणायची, "अहो, उठा की. तुमच्याशिवाय त्यांचा कोरम भरायचा नाय."

एके दिवशी लेक म्हणाली, रविवारी येते, क्लास डोळ्यांनी बघते. झालं. चाचानं टपरी बंद ठेवली. बापूनं ओव्हरटाइम सोडला आणि कंपनीची चार पोरं आणली. मी आख्खी गल्ली बाहेर काढली, चालता येत नव्हतं त्यांना खुर्चीसकट. पन्नास तरी माणूस ओट्यापुढं. लेक दारात उभी, हाताची घडी घालून. क्लास असा रंगला की विचारू नका. पोरं बसत होती, उठत होती, सुटत होती. लेक हसली, हे मी बघितलं आणि सरांनीही बघितलं. तिथंच घोटाळा झाला. सरांच्या अंगात आलं. त्यांनी स्टूल ओढलं, "वॉच मी क्लाइंब" म्हणत त्यावर चढले, आणि स्टुलाचा एक पाय मोडून धाडकन खाली आले.

पन्नास माणसं जागच्या जागी उभी. सर म्हणाले, "अरे, धरा मला." कुणी हललं नाही. "बापू, पाय गेला रे माझा." बापूचे डोळे भरले होते, पण पठ्ठ्या हलला नाही. चाचा माझ्या कानाशी पुटपुटला, "क्या करना? बोले नै ना अबी." मीसुद्धा उभाच होतो. खरं सांगतो, मला वाटलं, पुढचा धडा हाच असेल. सरांनी आमच्याकडं एकदा बघितलं, मग कळ गिळून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "हेल्प मी स्टँड." आणि पन्नास माणसं एकदम तुटून पडली. उचलताना त्यांचा चष्माही फुटला.

दारातल्या लेकीला गर्दीतून वाट मिळेपर्यंत एवढंच दिसलं होतं की बाप जमिनीवर पडलाय आणि आख्खी गल्ली बघत उभी आहे. मी तिला नियम समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, "काका, क्लास भरतो, मला दिसलं. पण आता बास."

तिसऱ्या दिवशी गाडी दारात आली. पायाला प्लास्टर, मांडीवर फळा, असे सर पुढच्या सीटवर बसले. चाचा निरोप घ्यायला खिडकीशी गेला, त्यानं सरांचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. गाडी सुरू झाली तरी सोडेना. वाक्य कुणाकडं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण सर समोरच्या काचेतून बघत बसले, बोलले नाहीत. लेक म्हणाली, "चाचा, सोडा आता." चाचा तसाच. ती याच बापाच्या हाताखाली शिकलेली. तिनं स्टीअरिंगवरचा हात काढला, आणि अगदी हळू, शाळेतल्यासारखं म्हणाली, "लेट हिम गो."

चाचानं हात सोडला.

त्याला आता चार महिने झाले. ओट्यावर खिळा आहे, फळा नाही. सहा वाजले की चाचा इस्त्री बाजूला ठेवून उगाच बाहेर येतो, मला बघतो, मी त्याला बघतो. दोघांत काय होणार? परवा न राहवून मी नाशिकला फोन लावला. पाय बरा होता, जेवण चांगलं होतं, जावई भला होता. लेक, जावई, व्याही, विहीण आणि नात, घर भरलेलं होतं. मी म्हणालो, "मग काय सर, चंगळ आहे. क्लास घरातच भरत असेल."

सर म्हणाले, "इथं माणसं पाच आहेत. तिसरा मिळत नाही."