खाली उभी असलेली माणसं

लेकीचा इंग्लंडहून फोन आला तेव्हा मी ह्यांना खुर्चीवरून कॉटवर घेत होते. अर्धांगवायू झाल्यापासून ह्यांची उजवी बाजू कामातून गेली आहे. दिवसातून कितीदा तरी काखेत हात घालून उचलावं लागतं. फोन कसाबसा खांद्यात धरला.

"आई, मी शर्यतीत पळणार हाय."

मला वाटलं, आपल्या साताऱ्यात घाटात होते तसली असेल. तर म्हणे डोंगरावरून खाली. वरून चीजचं भलंमोठं चाक सोडायचं आणि सगळ्यांनी त्याच्यामागं उतारावर सुटायचं. जो पहिला खाली पोचेल त्याला ते चीज.

"एवढ्यासाठी?" मी विचारलं.

"अगं, लय जुनी रीत हाय ती."

किती जुनी, हे तिथंही कुणाला धड माहीत नाही. कुणी म्हणतं, डोंगरावर गुरं चारायचा हक्क शाबूत राहावा म्हणून गाव दरवर्षी तिथं जमायचं. कुणी म्हणतं, त्याच्याही आधी हिवाळा सरला की काटक्यांचे पेटते भारे वरून लोटून देत, त्यातलंच हे. मला आपलं चराईचं पटलं. माझं माहेर मेढ्याकडचं. म्हैस दुसऱ्याच्या रानात घुसली की आम्ही पोरी असल्याच उतारावरून तिच्यामागं पळायचो. बक्षीस राहिलं बाजूला, घरी गेल्यावर आईचे धपाटे मिळायचे.

हे सांगून तिची थट्टा केली खरी, पण काळजी वाटतच होती. एकुलती एक लेक. तिने लगेच पाठवलेल्या मागच्या शर्यतीच्या व्हिडिओत माणसं पळत नव्हतीच, गडगडत होती. हिचं काही मोडलं तर मी इथून काय करणार? मला साधं कोरेगावला भावाकडं जायचं म्हटलं तरी ह्यांच्याजवळ कुणाला बसवायचं, हा प्रश्न पडतो. नको म्हणून वाद घालायचंही त्राण नव्हतं. "जप गं," एवढंच म्हणाले.

"तुमचं कसं चाललंय?" तिने नेहमीसारखं विचारलं.

"आमचं काय, बरं चाललंय," मीही नेहमीसारखं सांगितलं.

शर्यतीच्या दिवशी तिच्या मैत्रिणीने फोनवर सगळं थेट दाखवलं. ह्यांनाही मी उशा लावून बसवलं. चीज सुटलं. लेक जरा कुठं धावली, घसरली, आणि मग नुसत्या कोलांट्या खात खाली येऊ लागली. ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट गच्च धरलं.

खाली दांडगे गडी रांगेने उभे होते. त्यातल्या एकाने पुढं होऊन तिला छातीवर घेतलं. दोघंही गवतात आडवी झाली. ती हसतच उठली. मला मात्र रडू फुटलं.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. अजून धापा टाकत होती.

"आई, कायबी झालं न्हाई बघ. त्या माणसांचं कामच ते असतंय. आपण पळायचं न्हाई, खाली उभं ऱ्हायचं, आन् येईल त्याला झेलायचं. ती हाईत म्हणून तर लोक बिनघोर पळत्यात. तुमचं कसं चाललंय?"

ठरलेलं उत्तर ओठावर आलं होतं. पण त्याच सकाळी ह्यांना न्हाणीतून आणताना माझा पाय सरकला होता. भिंतीला धरून कशीबशी सावरले. कमरेतली चमक अजून जात नव्हती. आम्ही दोघं तिथं पडलो असतो तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"बरं न्हाई चाललं," मी म्हणाले. "मी दमलेय बाळ. लय दमलेय. हितं खाली कुणीच उभं न्हाई."

तिच्यामागं लोकांचा गलका ऐकू येत होता, पुढची शर्यत सुटली असावी.

"आई," ती म्हणाली, "फोन ठेवू नगंस. मी येतीय."