एकेचाळीस इंजेक्शनं, दोन कान आणि गुरुवारची मालिका

अन्याय झाला तो माझ्यावर. नाव कुसुम बाबूराव घाडगे, वय बावीस, प्राथमिक शिक्षिका, राहणार फलटणजवळ. कधी झाला तेही नेमकं सांगते. क्षयाच्या इंजेक्शनांच्या एकोणिसाव्या दिवशी सकाळी, आणि तिथून पुढं एकेचाळिसाव्या दिवसापर्यंत रोज.

एकेचाळिसाव्या दिवशी सांगलीकडच्या एका मोठ्या इस्पितळात कानाच्या डॉक्टरांनी माझ्यापुढं एक कागद ठेवला. ऑडिओग्राम. म्हणजे कानाला किती ऐकू येतं याचा आलेख. दोन्ही कानांवर जाड डबड्या चढवतात, यंत्रातून जाडे-बारीक सूर सोडतात, ऐकू आला की बोट वर करायचं. माझी रेघ डावीकडून बरी चालत आली होती आणि मधेच कड्यावरून कोसळल्यासारखी खाली गेली होती.

डॉक्टर माझ्या तोंडासमोर वाकून सावकाश बोलले, "जाडे आवाज येतील. बारीक आवाज गेले. इंजेक्शन आता बंद, दुसरं औषध देऊ. पण गेलं ते परत येणार नाही."

मी तेव्हा पहिलीला शिकवत होते. विचारलं, "पहिलीची पोरं कशा आवाजात बोलतात, डॉक्टर?"

ते कागदाकडं बघत राहिले.

आता मागचं सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात हेच चाललेलं असणार.

खोकला तीन महिने होता. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसावर डाग निघाला. औषध ठरलं स्ट्रेप्टोमायसिन. हे क्षयाचे जंतू मारणारं इंजेक्शन, रोज एक, कमरेत. औषध चांगलं आहे, माणसं वाचवतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण ते काहींचे कान खातं, आणि ही गोष्ट डॉक्टरमंडळींना ठाऊक असते. मला कुणी सांगितली नाही.

एकोणिसाव्या दिवशी कान वाजायला लागले. दुरून मोटार यावी तसा आवाज, पण मोटार कधी पोचायचीच नाही. त्या सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात सुई टोचणाऱ्या कंपाउंडरला मी सांगितलं. मागं वीसेक माणसं रांगेत होती. तो म्हणाला, "सनई वाजतीया जणू कानात! यंदा लगीन हाय वाटतं बाईंचं." रांग हसली. त्यानं सुई टोचली आणि माझ्या कार्डावर रोजच्यासारखं लिहिलं, 'तक्रार नाही'.

दुष्काळात तहसीलदाराच्या खोलीत पत्रकं टाकून घोषणा देणारी मी. त्या हसण्यापुढं गप्प बसले. हे माझं मला टोचतं, म्हणून लिहिते.

घरी आबांना सांगितलं. माझे आबा लढाईच्या काळात पलटणीत होते, बर्म्यात मलेरियानं लोळले होते. ते खूशच झाले. "आगं, कान वाजायला लागलं म्हंजी औशीद लागू पडलं. बर्म्यात आमी कोयनेल खायाचो, तवा कानात आख्खी बँडपार्टी वाजायची. ताप पळाला का न्हाई? वाजू दे लेकी, वाजू दे."

कोयनेलनं, म्हणजे मलेरियाच्या त्या कडू गोळीनं, कान वाजतात हे खरं आहे, आणि गोळी थांबली की ते शांत होतात. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत जाऊन आलेला, त्यामुळं हे शहाणपण गावभर पसरलेलं. वाजणारा कान म्हणजे लागू पडलेलं औषध! मीही ते मानलं. पस्तिसाव्या दिवशी अंधारात चालताना तोल जायला लागला. चाळिसाव्या दिवशी वर्गात पोरं पाढे म्हणत होती आणि मला नुसती उघडमीट करणारी तोंडं दिसत होती. मग मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची सुई घेतली आणि कुणाला न विचारता सांगलीची एस. टी. धरली.

फुप्फुस दुसऱ्या औषधांनी बरं झालं. वर्ष बिनपगारी रजेत गेलं. थुंकीची तपासणी स्वच्छ आली. नोकरीवर परत घ्या म्हणून अर्ज केला, तर कचेरीतून उत्तर आलं की क्षयाचं ठीक, पण ऐकू येत असल्याचा सरकारी डॉक्टरचा दाखला आणा. शाळा उघडायच्या आत. नाहीतर जागा दुसरीला.

सरकारी दवाखान्यात सुई घ्यायची, तिथंच कान घालवायचे, आणि कान शाबूत असल्याचा पुरावाही आपणच द्यायचा! असो. हातात पाच महिने होते.

पुन्हा त्याच कानाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी कानाचं यंत्र लावून दिलं. खिशात डबी, कानात वायर. भांड्यांचा खडखडाट दुप्पट झाला, शब्द होते तिथंच राहिले.

ते म्हणाले, "कान सुधारणार नाही, पण ऐकणं सुधारता येईल. मी अमेरिकेत एका इस्पितळात होतो. तिथं निम्मे रोगी स्पॅनिश बोलणारे. मी पुस्तकावरून स्पॅनिश शिकलो होतो, पण रोगी बोलायला लागला की नुसता गोंगाट. माझे कान तर धडधाकट होते! मग रोज संध्याकाळी टेलिव्हिजनवर एकच स्पॅनिश मालिका बघायला लागलो."

मी विचारलं, "बातम्या का नाही?"

"बातम्यांत रोज नवं. मालिकेत माणसं तीच. सासू चिडली की काय म्हणणार हे दहाव्या दिवशी मला आधीच कळायचं. ते कळलं की कान शब्द पकडतो. तीन महिन्यांत रोग्याचं दुखणं दुभाष्याशिवाय समजायला लागलं. तुम्हाला आता तुमचीच भाषा तशी शिकायची आहे. तोंडाकडं बघून ओठ वाचायची सवय लागली असेल, ती मोडा. आधी बघा, मग पाठ फिरवून ऐका."

आमच्या भागात टेलिव्हिजन एकच, साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये. पुण्याचं चित्र धरायला लोखंडी मनोऱ्यावर अँटेना चढवलेली. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. दर गुरुवारी अर्धा तास एका पोस्टमास्तरच्या घरची मालिका लागायची. आबा मला सायकलवर डबलसीट घेऊन जायचे. ऑडिओग्राम बघितल्यापासून त्यांनी कोयनेलचं नाव काढलं नव्हतं. माझ्याशी बोलायचेही कमी.

पहिल्या गुरुवारी मी पंधरा मिनिटं बघितलं, आणि मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं पडद्याकडं पाठ करून बसले. माझ्या तोंडासमोर सगळी वसाहत. वॉचमनची बायको हौसाक्का तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आवं बाई, शिनेमा तिकडं हाय. आमची थोबाडं काय बघताया?"

"तुमची थोबाडंच बरी हायत, आक्का," मी म्हटलं. पोस्टमास्तरचा जाडा आवाज यायचा. त्याच्या सुनेचा बारीक आवाज म्हणजे पाण्यावरची रेघ. वाक्यातले स, श, फ गळालेले. उरलेल्या तुकड्यांवरून सून रडते की हसते तेही कळेना.

घरी जाताना सायकलवर मी रडले. आबा पुढं बघून पेडल मारत होते. मधेच थांबले, उतरले, आणि माझ्या मागं जाऊन उभे राहिले. पलटणीतल्या आवाजात ओरडले, "सून म्हनाली, म्या म्हायेराला जानार न्हाई! आता तू म्हन!"

मी म्हटलं. त्यांनी आवाज उतरवून पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं. असं करत घर आलं.

त्या दिवसापासून घरात कुणी माझ्या समोर येऊन बोललं नाही. आबांचा हुकूम! भाकरी मागायची तर मागून. मालिकेतली वाक्यं आबा लक्षात ठेवायचे आणि आठवडाभर माझ्या पाठीमागून म्हणायचे. सासूचं सासूच्या तोऱ्यात, सुनेचं नाक ओढत. आई म्हणायची, "म्हातारपनी बरं तमाशाचं याड लागलं." मी चिडायचे, ताट सरकवायचे. आबा तेच वाक्य परत म्हणायचे. माफी मात्र त्यांनी मागितली नाही, आणि मीही दिली नाही.

आठव्या गुरुवारी पहिल्यांदा सुनेचं अख्खं वाक्य पाठमोरीला आलं. शब्द सगळे ऐकू आले असं नाही. तीन आले, दोन मी भरले, आणि भरलेले बरोबर निघाले. बाराव्याला मी हौसाक्काच्या आधी हसले. तिनं बाजूचीला कोपरानं ढोसलं, "बाईला मागं डोळं फुटलं बग."

दाखल्याची तपासणी साताऱ्याला झाली. तीन तास बाकड्यावर. माझ्या आधी आत गेलेली एक बाई पाचच मिनिटांत बाहेर आली, कुणाकडं न बघता निघून गेली.

सरकारी डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "भिंतीकडं तोंड करा. मी दहा वाक्यं म्हणेन. एकदाच."

पहिली सहा आली. सातवं नुसता वारा. मी म्हटलं, "परत सांगा." ते म्हणाले, "नियम एकदाचा आहे." मी भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हटलं, "वर्गात न कळलेलं मी पोरांना परत विचारते, डॉक्टर. तो माझा नियम आहे." थोडा वेळ काहीच आलं नाही. ते गप्प आहेत की माझा कान, हे कळायला मला मार्ग नव्हता. मग तेच वाक्य आलं, थोडं सावकाश. मी म्हटलं. दहातली आठ झाली.

मग त्यांनी शिपाईणीच्या पाच वर्षांच्या मुलीला बोलावलं आणि माझ्या मागं उभं करून कविता म्हणायला लावली. मी कान, डोकं, सगळं अंग मागं लावलं. काही आलं नाही. एक अक्षर नाही.

दाखल्यावर त्यांनी लिहिलं, 'शिक्षिकेच्या कामास योग्य. लहान मुलांचा वर्ग देऊ नये.'

आता मी चौथीला शिकवते. चौथीच्या पोरांचे आवाज भरलेले असतात, ते पोचतात. पहिलीचा वर्ग शेजारीच आहे. दाखला मिळाला त्या संध्याकाळी मी तो आबांना वाचून दाखवला. दुसरं वाक्य ऐकून ते उठून गोठ्यात गेले. मी मागोमाग गेले आणि त्यांच्या पाठीशी उभी राहून म्हटलं, "आबा, बाकीचं तुमीच मिळवून दिलंय." ते वळले नाहीत. मान हलवली.

कानाच्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. आबांचीही. पण मालिका बघून कान परत येत नाहीत, उरलेल्यावर भागवता येतं एवढंच. जे गेलं ते एका प्रश्नानं वाचलं असतं, आणि तो प्रश्न विचारायला पगार घेणारी माणसं होती.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं मागणं आहे. तुमच्या घरात, आळीत, वस्तीवर कुणाला हे इंजेक्शन चालू असेल तर आज संध्याकाळी त्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहा. हळू आवाजात त्याचं नाव घ्या. कान वाजतात का, तोल जातो का, तेही विचारा. ओ आली नाही, किंवा उत्तर 'व्हय' आलं, तर औषध मनानं बंद करू नका. उद्या सकाळी सुई टोचण्याआधी त्याला घेऊन डॉक्टरच्या खोलीत जा, खुर्चीत बसा, आणि कान तपासल्याशिवाय उठू नका. रांग हसली तर हसू द्या.