मूल धरणारे भाऊ

जळगावच्या एका लहान दवाखान्यात एक्स-रे काढणारे भाऊ रडणारं मूल नेहमी स्वतः धरायचे आणि बटण सिस्टरला दाबायला लावायचे. त्याआधी, अंगावर पडलेली किरणं मोजणारा बिल्ला छातीवरून काढून बाहेर ठेवायचे.

मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी., शाळेत विज्ञान शिकवतो; आजारी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जाणं व्हायचं. एकदा राहवलं नाही. म्हणालो, "भाऊ, किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. बिल्ला तरी लावा."

"मास्तर, बिल्लामा जास्ती दखायनं तं माले घर बसाडतीन," ते हसले. "मंग काय डीएनए खाऊ?"

परवा माझ्या मुलीच्या छातीचा एक्स-रे काढायचा होता. भाऊंनी हात पुढे केले. बोटांची कातडी काळवंडून चिरलेली होती. मला सगळं ठाऊक होतं. तरी मुलगी त्यांच्याकडे दिली आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं.