हात धरायला आत्या

दुरुस्तीबाई ही माझी विद्यार्थिनी. हे नाव तिला वर्गाने ठेवलं. फळ्यापाशी उभी केली की ती गणित बरोबर सोडवायची, मग पुसायची आणि पुन्हा, तिच्या मते अधिक बरोबर, सोडवायची. तोवर तास संपायचा. वर्ग तिच्यावर खूश असे.

पुढे ती कॉलेजात संगणक शिकू लागली. तिथे सगळ्यांना हॅकेथॉनचं वेड. दिवसभरात संगणकावर काहीतरी उपयोगाचं तयार करायचं आणि संध्याकाळी परीक्षकांसमोर चालवून दाखवायचं, अशी ही स्पर्धा. कॉलेजच्या संघासाठी निवड होती. हिचं काम छान चाललं होतं. दाखवता दाखवता हिला त्यात एक चूक दिसली. परीक्षकांना ती दिसली नव्हती. ही तिथेच बसली आणि दुरुस्त करू लागली. परीक्षकांनी चहा घेतला, मग पुढच्या मुलांना बोलावलं. "झालं," म्हणून हिने मान वर केली, तेव्हा शिपाई खुर्च्या रचत होता.

हिला घेतलं नाही. संघाचा प्रमुख म्हणाला, "हुशार आहेस गं, पण तुझ्या शेजारी उभं कोण राहणार?"

ते तिला फार लागलं. शहरातल्या खुल्या स्पर्धेत उतरून दाखवायचंच, असं तिने ठरवलं. पण तिथेही जोडीदार हवा होता, आणि मैत्रिणींना एकाएकी अभ्यास आठवला. उरली तिची आत्या. आत्या दातांच्या दवाखान्यात रुग्णांना नंबर देते आणि माझ्या शेजारी राहते.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," आत्या म्हणाली.

"कळायला नकोच आहे. तू फक्त माझे हात धर."

"लहानपणी धरले की चावायचीस."

"आता नाही चावणार."

तालीम माझ्या घरी झाली. परीक्षक मी. पहिल्याच वेळी तिला चूक दिसली, आत्याने हात धरला आणि ती चावली नाही, पण रडकुंडीला आली. "बाई, तुम्हीच सांगा, चुकीचं कसं दाखवू?" मी म्हटलं, "दाखव आणि चूक आहे म्हणून सांग." हे तिला नवीन होतं.

स्पर्धेला मीही गेले. दवाखान्यात बसलेल्या माणसाला आपली पाळी कधी येणार हे मोबाइलवर कळावं, असं काहीतरी तिने केलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आलं: उणे चार मिनिटं.

तिचा हात पुढे गेला. आत्याने दोन्ही मनगटं पकडली. आत्याची पर्स खाली पडली, कुणी उचलली नाही. आता ही बसली तर संपलं, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

"ही चूक आहे," दुरुस्तीबाई म्हणाली. आवाज बारीक, पण ऐकू येण्यासारखा. "वेळ शून्याच्या खाली जायला नको होती. कुठे चुकलंय ते मला माहीत आहे. आता पुढचं दाखवते." मग हळूच, "आत्या, सोड. बटण दाबायचंय."

"बटणच ना?"

"बटणच."

आत्याने एक हात सोडला.

परीक्षकांनी आत्याला विचारलं, "या कामात तुमचा वाटा काय?"

"मी हिला धरून ठेवते."

"कागदावर काय लिहू?"

"हेच लिहा की."

त्यांनी तेच लिहिलं. अंतिम फेरीत घेतलेल्या संघांत शेवटचं नाव या दोघींचं होतं.

परतताना बसमध्ये तिने लॅपटॉप उघडला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता करू दे." आमचा थांबा आला आणि गेला. तिचं झाल्यावर आम्ही उतरलो आणि चालत मागे आलो.